रीसेल फ्लॅट घेताय? विसार देण्याआधी घराची तपासणी

ओळंबा

शहरात जुना फ्लॅट घेताना आपल्याकडे दोन तपासण्या नेमाने होतात. वकील मालकीहक्काच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढतो आणि कर्ज असेल तर बँकेचा व्हॅल्युअर (किंमत ठरवणारा) येऊन जातो. खुद्द घराची तपासणी मात्र राहून जाते, कारण बँकेचा माणूस बघून गेला म्हणजे घर बघितलं गेलं असं सगळे धरून चालतात. तो मोजमाप घेतो, फोटो काढतो, आसपासचे भाव बघतो आणि कर्ज फिटेपर्यंत इमारत उभी राहील का याचा अंदाज लिहितो. कर्ज बुडालं तर वसुली होईल का, एवढंच त्याला बघायचं असतं. संडासाचं पाणी खालच्या घरात उतरतंय का, यासाठी त्याच्या फॉर्मवर रकानाच नसतो.

कायद्याचं म्हणाल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५५ वाचा. मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. साधारण काळजीने दिसला असता असा दोष घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. छतावरचा पिवळा डाग, बाल्कनीच्या स्लॅबखाली उघडी पडलेली सळई यांवर नंतर भांडता येणं कठीण. त्यात करारात 'आहे त्या स्थितीत' हे शब्द बहुधा असतातच.

म्हणून विसार देण्याआधी तपासणी. ते जमत नसेल तर विसार पावतीतच लिहून घ्या: इतक्या दिवसांत खरेदीदार तांत्रिक तपासणी करून घेईल, बांधकामाचा दोष वा गळती निघाल्यास विसार पूर्ण परत. तोंडी कबुलीला साठेखताच्या दिवशी कुणी विचारत नाही.

तपासणी वरून खाली करावी. आधी गच्ची, मग वरच्या मजल्यावरचं बाथरूम, डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी), आपला फ्लॅट, खालचं घर आणि सगळ्यात शेवटी पार्किंग. पाणी याच वाटेने येतं आणि फ्लॅटमधल्या निम्म्या तक्रारींचं मूळ फ्लॅटच्या बाहेर असतं.

गच्चीवर कोब्याच्या भेगा, कठड्याला लागून केलेली गोलाई आणि पावसाळी पाइपचं तोंड बघाच, पण कठड्याची उंचीही मोजा. कठडा मुळात मीटरभर तरी उंच असतो. तो आता मांडीपर्यंतच येत असेल, तर जुना कोबा न काढता वर दुसरा, कधी तिसरा थर चढवलाय असं समजा. विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचा १० सेंमी थर दर चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो भरतो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला चल भार (माणसं, सामान यांचा बदलता भार) आहे दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो. एकेका जादा थराने स्लॅबवर कायमचं किती ओझं बसतं ते यावरून कळेल. शिवाय गळती थांबलेली नसतेच, पाणी दोन थरांच्या मध्ये साठून राहतं.

पार्किंगमध्ये कॉलमच्या कोपऱ्यांकडे बघा. कोपऱ्यालगत उभी, सरळ भेग म्हणजे आतली मुख्य सळई गंजून फुगतेय. गंजलेल्या लोखंडाचं आकारमान मूळच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढतं आणि ते वरचं काँक्रीट ढकलून देतं. तिथे नुसता गिलावा मारून रंग दिलेला असेल तर बोटाच्या पेराने ठोकून बघा, बद्द आवाज येतो.

नवखा_ग्राहक

उपयुक्त. पण आता बघतोय त्या प्रत्येक घराला नुकताच रंग दिलेला आहे. ओल ओळखायची कशी?

पाणसळ

रंग जिथे पोचत नाही तिथे बघायचं. माळ्याच्या आतली भिंत, कपाटामागची बाजू, सिंकखालची कडाप्प्याची मांडणी, बाथरूमच्या दाराच्या चौकटीचे खालचे सहा इंच. लाकडी चौकट तळाशी काळी पडली असेल किंवा अंगठ्याच्या नखाने दबत असेल, तर आतून पाणी येतंय. स्विचबोर्डाचे स्क्रू गंजलेत का बघा, भिंत रंगवताना ते सहसा कुणी बदलत नाही. एकाच खोलीत एकाच भिंतीला रंग असेल, तर रंगाचं कारण ओलच असण्याची शक्यता मोठी.

डाग कुठे आहे त्यावरून पाण्याची वाट कळते. बाथरूमच्या भिंतीच्या दुसऱ्या अंगाला, जमिनीपासून फूट-दीड फुटात पोपडे असतील तर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग किंवा आतला पाइप. बाहेरच्या भिंतीला खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत ओल असेल तर खिडकीची ग्रॅनाइटची पट्टी. तिला बाहेरच्या बाजूला उतार हवा, ती भिंतीच्या पुढे थोडी आलेली हवी आणि पुढे आलेल्या भागाच्या खालून खाच हवी. ही खाच नसली की पाणी पट्टीखालून परत भिंतीकडे सरकतं. दहा रुपयांच्या खाचेसाठी दर पावसाळ्याला भिंत रंगवणारी घरं मोजायची सोय नाही. तळमजल्यावर सगळ्या भिंतींना सारख्याच उंचीपर्यंत लोणा (क्षारांची पांढरी पूड) धरला असेल, तर पाणी जमिनीतून चढतंय. तो विकार वेगळा आणि महागडा.

ओल मोजणारा मॉइश्चर मीटर मिळाला तर चांगलाच, पण त्याच्या आकड्यावर एकट्याने जाऊ नका. त्याच घरातल्या खात्रीच्या कोरड्या भिंतीवर आधी आकडा घ्या आणि संशयाच्या जागेशी ताडून बघा. भिंतीत क्षार असतील तर मीटर कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतो. थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच. तो पाणी दाखवत नाही, पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. एसी चालू असलेली खोली किंवा ऊन खाल्लेली भिंत त्यात हमखास फसवते. बिनखर्चाचा उपाय म्हणजे फूटभर पॉलिथिनचा चौकोन चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून चोवीस तास ठेवणं. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला आले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या अंगाला आले तर ते हवेतलं दव.

आणि ज्यांना थांबता येतं त्यांनी घर ऑगस्ट-सप्टेंबरात बघावं. जूनमधले पहिले पाऊस कोरड्या भिंती पिऊन टाकतात, खरी गळती भिंती भरल्यावर दिसते.

शेजारधर्म

सगळं पटतंय, पण मालक हे करू देईल का? चांगल्या फ्लॅटला रांग लागलेली असते. तुम्ही भिंतीला प्लास्टिक चिकटवेपर्यंत दुसरा टोकन देऊन मोकळा. एजंटही म्हणणार, "इतके प्रश्न असतील तर नवीनच घ्या."

ओळंबा

@शेजारधर्म, हरकत रास्त आहे. म्हणून दोन टप्पे करावेत. दुसऱ्या भेटीत तासभर नुसत्या डोळ्यांनी, टॉर्च आणि टेप घेऊन. त्याला कुणी नाही म्हणत नाही. त्यातून संशय उरला तरच स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा तपासणी करणारी संस्था. नारळवाल्याला विचारून आपण नारळ वाजवत नाही, सरळ उचलून वाजवतो. टॉर्च मारताना मालक फारच अस्वस्थ झाला तर तीही माहितीच आहे.

आणि तपासणीचा निकाल 'घ्या' किंवा 'सोडा' एवढाच नसतो. बहुतेक वेळा तो किमतीत उतरतो. बाथरूम पुन्हा फोडून करावं लागणार हे आधी कळलं, तर तेवढी रक्कम बोलण्यात आणता येते. ताबा घेतल्यावर तेच काम तुमच्या खिशातून, वर खालच्या घरमालकाची बोलणी.

पाणसळ

बाथरूमचा विषय निघालाच आहे तर जरा सविस्तर. रीसेल फ्लॅटमध्ये भांडणं याच चार भिंतींवरून होतात.

जुन्या इमारतींत बाथरूम-संडासाचा स्लॅब बाकीच्या स्लॅबपेक्षा साधारण फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यातून पाइप जातात, वर विटांच्या तुकड्यांचा भराव आणि त्यावर फरशी. फरशीच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी या भरावात वर्षानुवर्षं साठतं आणि सावकाश खाली उतरतं. म्हणजे वरून नवीकोरी फरशी दिसत असताना खालच्या घराच्या छताला सळया उघड्या पडलेल्या असू शकतात. खालच्या घराची बेल वाजवल्याशिवाय हे कळत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, लाजू नका.

नूतनीकरण केलेल्या बाथरूममध्ये पहिली गोष्ट बघायची ती फरशीची पातळी. बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा निदान १५–२० मिमी खाली हवी. ती बाहेरच्या फरशीला समतल किंवा वर आली असेल, दार खालून कापलेलं असेल, तर जुन्या फरशीवरच नवी चिकटवलीय. वॉटरप्रूफिंगला हात लागलेला नाही. मग उतार. नहाणी ट्रॅपकडे (फरशीतलं पाणी जाण्याच्या जाळीकडे) दर मीटरला साधारण १० ते १२ मिमी उतार हवा. बादलीभर पाणी दाराजवळ ओता आणि पाच मिनिटांनी या, पाणी कुठे थांबलंय ते कळेल. (नहाणी ट्रॅप हा शब्द देशभरातल्या इंजिनिअरांच्या तोंडी आहे. आपल्या नहाणीने प्लंबिंगला दिलेली देणगी!) ट्रॅपमध्ये ५० मिमी पाण्याचं कुलूप हवं. बंद घरात ते आटून वास येणं साहजिक आहे. पाणी ओतल्यावर तासाभरात वास गेला नाही तर ट्रॅप बसवण्यातच चूक.

मालक तयार असेल तर पक्की चाचणी अशी: ट्रॅपचं तोंड बंद करा, उंबऱ्याच्या आत २५ मिमी पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा, २४ ते ४८ तास ठेवा. खालच्या घराला आधी सांगून त्यांच्या छताचे फोटो काढून ठेवा. गळतीचा प्रकार वेळेवरूनही कळतो. खालचा डाग चोवीस तास ओला असेल आणि वरची माणसं गावाला गेली तरी वाळत नसेल, तर दाबाखालचा नळाचा पाइप. आंघोळीनंतर दोन-तीन तासांनी ओला होऊन रात्री सुकत असेल, तर फरशीचे सांधे किंवा सांडपाण्याचा पाइप. फ्लशच्या टाकीत एक रंग आणि फरशीवर दुसरा रंग टाकला तर गुन्हेगार कोण ते खाली दिसतं.

भेगाळ

भेगांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. प्रत्येक भेगेला घाबरायचं कारण नाही. गिलाव्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा गिलावा भरभर सुकल्याच्या, त्या पुट्टीने जातात. बीमच्या खाली भिंतीला आडवी सरळ भेग असते, ती बीम आणि वीटकाम यांच्यातली फट नीट न ठासल्यामुळे. दिसायला वाईट, धोका नाही. स्विचबोर्डापासून वर जाणारी उभी भेग म्हणजे वायरच्या पाइपसाठी भिंत कापून वर पातळ गिलावा मारलेला.

थांबून विचार करायचा तो तिरप्या भेगांपाशी. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होणारी, वरच्या आणि खालच्या मजल्यावरही त्याच जागी असलेली भेग म्हणजे पाया एका बाजूला खचलाय असा संशय घ्यावा. काँक्रीटमध्ये ०.३ मिमीपेक्षा रुंद भेग असेल तर इंजिनिअरला दाखवावी, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सर्वसाधारण मर्यादा तीच आहे. भेग जिवंत आहे का बघायला तिच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते. याला काही महिने लागतात, त्यामुळे खरेदीच्या घाईत ते जमेलच असं नाही.

आणखी एक: आधीच्या मालकांनी काय काय तोडलंय ते मंजूर नकाशाशी ताडून बघा. १९६०–७० च्या बऱ्याच तीन-चार मजली इमारती भिंतींवर उभ्या आहेत, त्यांत कॉलमच नाहीत. अशा घरात हॉल मोठा करायला भिंत पाडली असेल तर ती रचनेशी केलेली छेडछाड आहे. बाल्कनी खोलीत घेणं, बाथरूम सरकवून ते खालच्या घराच्या स्वयंपाकघरावर आणणं, एसीच्या पाइपसाठी बीमला भोक पाडणं, सगळं याच यादीत.

मानद_सचिव

सोसायटीच्या कार्यालयातही अर्धा तास घालवा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. मुंबईत महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-बी खालीही ३० वर्षांवरील इमारतीला स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं. "झालंय ऑडिट" या उत्तरावर उठू नका. अहवाल वाचायला मागा, शेवटच्या पानावरच्या शिफारशी बघा आणि त्यांतल्या किती अमलात आल्या ते विचारा. मुंबईतली वर्गवारी अशी: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून किंवा काही भाग पाडून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता रचनेची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ.

मागच्या तीन वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं आणि ताळेबंद बघा. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीची साठवण) बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के या दराने जमा व्हायला हवा. तिजोरी रिकामी आणि बाहेरचा गिलावा पडायला आलेला, तर तुमचं नाव भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) चढलं की पहिलंच देयक दुरुस्तीच्या वर्गणीचं. ती ठरवलेल्या सभेला तुम्ही नव्हतात, याने फरक पडत नाही. हस्तांतरण प्रीमियम (फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) मात्र महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही, 'ऐच्छिक देणगी' म्हणूनही नाही.

अग्निशमन यंत्रणेचं 'बी' नमुन्यातलं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत घ्यायचं असतं. नसेल तर होज रीलचा नळ फिरवून बघा, पाणी येतं का.

शेजारधर्म

सचिवसाहेब, गळतीचा खर्च कुणाचा हेही सांगा. यावरून दर वर्षी युद्ध होतं.

मानद_सचिव

गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून, सामाईक पाइपांतून येणारं पाणी सोसायटीचं. गच्चीच्या गळतीने वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या छताचा गिलावा पडला तर तोही सोसायटीनेच करायचा. संडास, बाथरूम, सिंक यांतून खाली जाणारं पाणी त्या त्या सभासदाचं. त्यामुळे विकणाऱ्याविरुद्ध खालच्या घराची तक्रार सोसायटीत पडून आहे का, हे लेखी विचारा. ती तुमच्याकडे चालत येते.

काँक्रीट_वाचक

ऑडिटचा अहवाल हातात आल्यावर आकडे बघून गांगरू नका. पराध्वनी चाचणीत, म्हणजे काँक्रीटमधून अल्ट्रासोनिक लहरी पाठवून, मोजलेला वेग दर सेकंदाला ४.५ किमीच्या वर उत्तम, ३.५ ते ४.५ चांगला, ३ ते ३.५ मध्यम आणि ३ च्या खाली शंकास्पद (आयएस १३३११ चं १९९२ चं कोष्टक, नव्या मानकात निकष आणखी कडक आहेत). सळईचा गंज ताडणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचा आकडा म्हणजे सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर. फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारल्यावर ताजं तोडलेलं काँक्रीट गुलाबी झालं तर त्यातली अल्कधर्मीयता शाबूत आहे, सळई सुरक्षित. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर तिचं संरक्षण गेलं.

एक गोम. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो, त्यामुळे रिबाउंड हॅमरचे (पृष्ठभागावर आपटून कडकपणा मोजणाऱ्या हातोडीचे) आकडे प्रत्यक्षापेक्षा चांगले येतात. फक्त हॅमरवर बेतलेला अहवाल आणि वर 'इमारत सुस्थितीत' असा शेरा असेल तर तो जपूनच वाचा.

वायरमन

विजेचं. सॉकेटकडे तोंड करून बघितलं तर फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, वरचं मोठं भोक अर्थिंगचं. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर स्वस्त मिळतो, पण तो एका ठिकाणी हमखास गंडतो: अर्थिंगची वायरच नसेल आणि कुणी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांना तुकडा जोडून दिला असेल, तर दिवे 'सगळं ठीक' दाखवतात. गीझर आणि वॉशिंग मशीनचा एकेक सॉकेट जाणकाराकडून उघडून बघितलेला बरा. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे, २३० च्या आसपास यावेत. फेज-अर्थ बराच कमी आला तर अर्थिंग मेलेलं.

डीबीमध्ये (विजेच्या स्विचांच्या मुख्य पेटीत) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का? 'टी' बटण दाबून पडते का? ते बटण अर्थिंग नसतानाही काम करतं, त्यामुळे ती पडली म्हणजे अर्थिंग आहे असं मानू नका. एसी आणि गीझरला ४ चौ. मिमी वायर, साध्या पॉवर सॉकेटला २.५, दिव्यांना १.५. १.५ च्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) बसवलेला दिसला तर तो वारंवार पडतो म्हणून कुणीतरी मोठा टाकलाय. आता एमसीबी पडणार नाही, वायर जळेल.

वीजबिलावर मंजूर भार बघा. दोन एसी आणि गीझर धरून तो पुरत नसेल तर वाढवून घ्यावा लागेल.

पाणसळ

वायरमननी बिलाचं लिहिलं, पाण्याचंही त्याच भेटीत उरकून घ्या. सकाळी पाणी आल्या आल्या नळ सोडला आणि पहिली धार पिवळी आली, तर आतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप गंजलेत. सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा, मग शेजारचा फ्लश सोडून पुन्हा मोजा. सर्वात वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावरच असल्याने दाब कमीच असतो. एक मीटर उंचीला ०.१ बार, म्हणजे टाकी दोन-तीन मीटर वर असेल तर ०.२–०.३ बार. मोठा शॉवर त्यावर चालत नाही, पंप लागतो.

डक्टमध्ये टॉर्च मारा. पाइपच्या सांध्यातून पिंपळाचं रोप आलेलं असेल तर ते नुसतं छाटून चालत नाही, मुळं पाइप आणि भिंत दोन्ही फोडतात.

नवखा_ग्राहक

नवीन इमारतीत ताबा घेताना हे सगळं कशाला? रेरा आहे ना?

ताबापत्र

रेरा (स्थावर संपदा नियमन) कायदा, २०१६ चं कलम १४(३): ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत रचनेचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष नजरेला आणून दिला, तर विकासकाने ३० दिवसांत बिनखर्च दुरुस्त करायचा, न केल्यास भरपाई. तुम्ही पहिल्या मालकाकडून घर विकत घेतलं तरी त्याच्या जागी तुम्ही 'अलॉटी' (घर मिळालेला ग्राहक) ठरता. म्हणजे चार वर्षं जुना फ्लॅट घेत असाल तर उरलेलं एक वर्ष मोलाचं आहे, त्यात तपासणी करून दोष लेखी कळवा. ताब्याला पाच वर्षं उलटून गेली असतील तर हे कलम उपयोगाचं नाही.

पण दोष मुळात होता की तुम्ही फर्निचर करताना झाला, हा वाद हमखास येतो. म्हणून ताबा घेण्याआधी, सुताराने पहिला खिळा मारण्याआधी तपासणी. फरशा काठीने ठोकत जा, पोकळ वाजतील त्यांवर खडूने फुली मारा. खिडक्यांच्या रुळांवर पाणी ओतून ते बाहेरच्या भोकांतून जातं का बघा. बऱ्याचदा ती भोकं सिमेंटने बुजलेली असतात. बाथरूमच्या कोपऱ्यांना गुण्या लावा, काटकोन नसेल तर काचेचं पार्टिशन बसत नाही. सगळ्या फुल्या फोटोसह ईमेलने पाठवा. ताबापत्रावर 'कोणतीही तक्रार नाही' असं छापलेलं असेल तर त्याखाली ईमेलचा दिनांक घालून 'यादीतील दोष वगळून' असं हाताने लिहा.

चटईक्षेत्र लेझर टेपने मोजा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी धरत नाहीत. महारेराच्या नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे, त्यापेक्षा कमी भरलं तर पैसे परत मागता येतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर दोन महिन्यांत ताबा घेणं कलम १९(१०) प्रमाणे तुमच्यावरही बंधनकारक आहे. तपासणी लांबवत बसू नका, पण प्रमाणपत्राशिवाय 'फर्निचरसाठी ताबा' घेऊही नका.

कोकणी_चिरा

गावाकडचं जुनं घर घेणाऱ्यांसाठी थोडंसं. कौलारू घरात आधी आढं आणि वाशांची भिंतीत शिरणारी टोकं बघा, वाळवी तिथून सुरुवात करते. वाळवीचे मातीचे नळ खरवडलेले दिसले तर पेचकसाने लाकूड टोचून बघा, वरून अखंड दिसणारा वासा आतून भुसा झालेला असतो. चिऱ्याच्या भिंतीला अलीकडे सिमेंटचा गिलावा केला असेल तर सावध. जांभा पाणी पितो आणि सोडतो, वर सिमेंट आलं की पिलेलं पाणी आतच राहतं आणि चिरा भुसभुशीत होतो. चुन्याचा गिलावा असलेली काळपट भिंत यापेक्षा बरी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, सगळीकडे हीच गत.

नवखा_ग्राहक

धन्यवाद सगळ्यांना. बाहेरून तपासणी करून घ्यायची तर अहवालात काय मागायचं?

ओळंबा

प्रत्येक दोषाला जागा, फोटो, संभाव्य कारण आणि तातडी किती, हे चार रकाने. 'वॉटरप्रूफिंग करून घ्यावे' एवढंच लिहिलं असेल तर तो अहवाल नव्हे, जाहिरात. तपासणारा आणि दुरुस्तीचं काम घेणारा एकच नसावा. एजंटने सुचवलेला माणूसही नको, सौदा मोडला तर एजंटची दलाली जाते. काय बघता आलं नाही तेही अहवालात हवं: बंद खोली, कुलूप लावलेली गच्ची, खालच्या घराने दार न उघडणं.

गच्चीच्या किल्लीचं तेवढं आदल्या दिवशीच सचिवांना सांगून ठेवा. रविवारी सकाळी ती हमखास सापडत नाही.